राठ दाढीसाठी सेफ्टी रेझर एकधारी घ्यावा की दुधारी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बरीच वर्षे कार्ट्रिजचे रेझर वापरल्यानंतर आता आपल्याला सुट्या पात्याच्या सेफ्टी रेझरकडे वळायचे आहे, दाढी राठ आहे, गळ्यावर लाल पुरळ उठते आणि एकधारी घ्यावा की दुधारी हे ठरत नाही. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. उत्तर आधीच सांगून टाकतो: पहिला रेझर दुधारीच घ्या. मात्र एकधारी म्हणजे सौम्य आणि दुधारी म्हणजे जहाल, किंवा नेमके याच्या उलट, अशा समजुतीवर हा निर्णय घेऊ नका. दाढी कशी होते हे धारांच्या संख्येवर ठरत नाही. पाते किती जाड आहे आणि रेझरच्या डोक्यात ते कसे धरले आहे, यावर ठरते.

दुधारी पाते जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते आणि बोटांत धरून सहज वाकवता येते. रेझरची वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये ते कमानीसारखे वाकवून आवळले जाते, आणि या वाकामुळेच त्याला ताठपणा येतो. साधा पत्रा लवतो पण पन्हळी पत्रा लवत नाही, तसेच हे आहे. ज्या रेझरमध्ये ही पकड धारेपासून फार मागे असते, त्यात धार राठ खुंटांवर किंचित थरथरते, केस कापताना ओढते, आणि आपण दोष पात्याला देतो. म्हणून दुधारी रेझर घेताना दांड्याची नक्षी पाहण्यापेक्षा पाते बसवून ते दोन्ही बाजूंना सारखे बाहेर येते का, आणि आवळल्यावर डोके जराही हलत नाही ना, हे पाहावे.

एकधारी या एकाच नावाखाली मात्र तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि गोंधळ तिथेच होतो. पहिली म्हणजे अमेरिकी ‘जेम’ पद्धतीचे पाते: साधारण ०.२३ मिलिमीटर जाड, पाठीवर पत्र्याची दुमड घातलेले, न वाकवता सपाट बसणारे. दुसरे म्हणजे जपानच्या ‘फेदर’ कंपनीचे ‘आर्टिस्ट क्लब’ जातीचे पाते, जे मुळात व्यावसायिक वस्तऱ्यासाठी बनवलेले आहे आणि ज्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. तिसरा प्रकार आपल्या न्हाव्याचा: दुधारी पाते वेष्टनासकट उभे दुमडून कटकन मोडायचे आणि अर्धे वस्तऱ्यात सरकवायचे. अशी अर्धी पाती घेणारे सेफ्टी रेझरही मिळतात, पण त्यांना एकधारी म्हणून फारसे महत्त्व देऊ नये, कारण पाते तेच ०.१ मिलिमीटरचे असते.

जाता जाता सांगतो, जुना प्रकार एकधारीच आहे. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८०मध्ये सेफ्टी रेझरचे पेटंट घेतले, त्यात वस्तऱ्याच्या पात्याचा आखूड तुकडा बसत असे आणि त्याला वरचेवर धार लावावी लागे. पुढे अमेरिकेच्याच किंग कॅम्प जिलेटने दोन्ही बाजूंनी वापरून फेकून देण्याचे पातळ पाते काढले. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३मध्ये, त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे काय झाले ते आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टांगलेले दिसतेच.

माझा एकधारीशी परिचय झाला तो मावसभावाने अमेरिकेतल्या जुन्या बाजारातून आणलेल्या जेम रेझरमुळे. त्याची रीत वेगळी आहे. दुधारीचा कोन आपल्याला शोधावा लागतो: टोपी गालाला टेकवायची, दांडा चेहऱ्याशी काटकोनात धरायचा आणि खुंट कापल्याचा आवाज येईपर्यंत तो हळूहळू खाली आणायचा, पाते त्वचेशी साधारण ३० अंशांवर आले की बरोबर. जेममध्ये डोक्याची सपाट बाजू गालावर जवळजवळ आडवी टेकवली की कोन आपोआप साधतो. जाड पाते खुंटांतून जाताना चांगला मोठा खर्रखर्र आवाज करते, तो पहिल्या दिवशी घाबरवतो. दाढी मात्र अशी घोटून झाली की संध्याकाळपर्यंत हनुवटीवर हात फिरवत होतो.

सोबत आलेली दहा पाती संपल्यावर मी एक मूर्खपणा केला. हार्डवेअरच्या दुकानात काचेवरचा रंग खरवडायची एकधारी पाती मिळतात, ती दिसायला हुबेहूब तशीच असतात आणि त्या रेझरमध्ये बसतातही. परंतु त्यांची धार त्वचेसाठी काढलेली नसते आणि तिच्यावर दाढीच्या पात्यासारखा गुळगुळीत लेपही नसतो. गळ्याच्या पहिल्याच फटक्याला ते कळले, आणि तुरटीचा खडा लावताना डोळ्यांत पाणी आले. आपण हा प्रयोग करू नये.

खरी अडचण इथेच आहे. जेमची किंवा आर्टिस्ट क्लबची पाती आपल्याकडे बाहेरून मागवावी लागतात आणि देशी दुधारी पात्यांच्या कैक पट महाग पडतात. उलट टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक, सुपरमॅक्स (हे नाव तर ठाण्याचेच) अशी दुधारी पाती पाच-पाचच्या पाकिटात स्वस्त मिळतात, आणि हा स्वस्तपणा नवशिक्याच्या फार कामाचा असतो. कोणते पाते आपल्या त्वचेला मानवेल हे कोणीच सांगू शकत नाही, ते चार-पाच जातींची पाती लावून पाहिल्यावरच कळते. शिवाय राठ दाढीवर पाते तीन-चार दाढ्यांनंतर ओढू लागले की बिनदिक्कत बदलता येते. महागाचे पाते माणूस दोन दिवस जास्त चालवतो आणि गळा सोलून घेतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

वापरातले दोन लहान फरकही लक्षात घ्यावेत. दुधारीची एक बाजू फेसाने भरली की रेझर उलटा करून काम चालू ठेवता येते; एकधारी दर दोन-तीन फटक्यांनंतर पाण्यात खळबळावा लागतो. याउलट नाकाखाली एकधारी सोयीचा, विशेषतः आर्टिस्ट क्लबचे पाते घेणाऱ्या सेफ्टी रेझरचे बारीक डोके, कारण मागची बाजू निर्धोक असते. दुधारीने मिशीची कड साधताना पलीकडची धार नाकाला लागते की काय, ही धास्ती काही दिवस राहतेच.

आपल्या गळ्यावरचे पुरळ कार्ट्रिजच्या अनेक पात्यांमुळे उठत असण्याची शक्यता मोठी आहे, कारण पुढचे पाते केस ओढते, मागचे तो त्वचेच्या खाली कापते आणि वाढताना तो आतच वळतो. एकाच धारेने हे बरेच कमी होते, मग ती धार कुठल्याही रेझरची असो. फक्त गळ्यावरच्या केसांचा ओघ आधी बोटाने चाचपून पाहा. पुष्कळांच्या गळ्यावर तो खालून वर किंवा तिरका असतो. पहिला महिना ओघाच्या दिशेनेच दाढी करा, उलट हात मारू नका आणि रेझर दाबू नका, त्याचे वजन पुरेसे असते.

तेव्हा आता मध्यम सौम्य, तीन भागांचा (टोपी, पट्टी आणि दांडा सुटे होणारा), बंद म्हणजे अखंड कडेच्या पट्टीचा दुधारी रेझर घ्यावा, दातेरी पट्टीचा नको. सहा महिन्यांनी हात बसल्यावरही हनुवटीवर पाते थरथरते असे वाटले, तर आर्टिस्ट क्लबचे पाते घेणारा एकधारी जरूर आणा. ताठ पात्याचा फरक तेव्हा आपल्याला पहिल्या फटक्यातच कळेल. माझा जेम सध्या पात्यांअभावी कपाटात आहे, आणि मावसभाव दिवाळीला येणार आहे.