रोबोट कोलांटउडी मारतो, मग आंबे का काढत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळ कलमांची बाग आहे, यंदा ऐन एप्रिलमध्ये गडी मिळाले नाहीत, निम्मा माल झाडावरच पिकून पडला. मोबाईलवर मात्र रोबोट नाचताना, कोलांटउड्या मारताना दिसतात. तर आंबे काढणारा रोबोट किती वर्षांत येईल, आणि त्यासाठी आतापासून पैसे बाजूला टाकावेत का?

पैसे टाकू नका. निदान रोबोटसाठी तरी नको. आता कारण सांगतो.

मी कारखान्यात रोबोट बसवण्याचं काम करतो. घर सिंधुदुर्गातच, चार कलमं आमचीही आहेत. म्हणजे दोन्हीकडचा मार खाल्लेला माणूस आहे असं समजा.

कोलांटउडीपासून सुरू करू. बोस्टन डायनॅमिक्स या अमेरिकी कंपनीच्या ॲटलस नावाच्या माणसासारख्या रोबोटने 2017 साली मागे उलटी उडी मारली तेव्हा आमच्या ऑफिसात काम थांबलं होतं. इंजिनियर म्हणून सांगतो, ते काम अवघडच आहे. पण त्यातलं सगळं रोबोटला आधीच ठाऊक असतं. आपलं वजन किती, पाय किती लांब, कुठल्या सांध्यात किती जोर, जमीन सपाट. ही उडी कॉम्प्युटरच्या आत लाखो वेळा मारून बघता येते, तिथे पडलं तरी काही मोडत नाही. शिवाय आपल्याला व्हिडिओत दिसते ती जमलेली उडी.

आंब्याचं उलटं आहे. फळ पानाआड आहे, देठ किती चिवट ते माहीत नाही, खाऱ्या वाऱ्याने फांदी हलतेय, आणि काढायचंच आहे की अजून चार दिवस ठेवायचंय हेही ठरवायचंय. इथे रोबोटला स्वतःबद्दल सगळं कळून उपयोग नाही, समोरच्या फांदीबद्दल कळायला हवं. हान्स मोराव्हेक नावाच्या संशोधकाने 1980च्या दशकातच हे नोंदवून ठेवलंय: बुद्धिबळासारखी मोठ्या माणसाची हुशारी यंत्राला देणं सोपं, पण वर्षाच्या पोराला जे बघणं, धरणं, चालणं जमतं ते देणं महाकठीण. चाळीसेक वर्षं झाली, वाक्य अजून शिळं झालेलं नाही.

मग कारखान्यात रोबोट एवढे कसे चालतात? पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, 1961 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. साच्यातून निघालेले गरम धातूचे तुकडे उचलून ठेवायचे, एवढंच काम. आज आम्ही बसवतो ते हात मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतक्या अचूकतेने त्याच जागी परत येतात. पण ‘त्याच जागी’ हे शब्द नीट वाचा. अर्धी मेहनत रोबोटवर नसते. ती असते वस्तू दरवेळी त्याच जागी, त्याच तोंडाने समोर यावी यासाठी केलेल्या जिग-फिक्स्चरवर.

एकदा एका कारखान्यात ट्रे पुरवणारा बदलला. नवा ट्रे दिसायला सारखाच, खाचा दोन-तीन मिलिमीटर सरकलेल्या. त्यात पकड लागली की नाही हे सांगणारा सेन्सर धुळीने बसलेला. आमच्या रोबोटने जवळपास पाऊण तास हवा उचलली, हवा फिरवली आणि मोठ्या इमानाने हवा खोक्यात भरली. मोजणीत माल पूर्ण, खोकी रिकामी. चूक आमचीच होती, सेन्सर साफ करायचं वेळापत्रकच आम्ही लिहून दिलं नव्हतं. पण सांगायचा मुद्दा वेगळा. शाळेतलं पोरसुद्धा दुसऱ्यांदा हात घालताना म्हणालं असतं, अहो, इथे काहीच नाहीये.

स्पर्श हीच रोबोटची खरी अडचण आहे. माणसाच्या एका तळहाताच्या कातडीत सुमारे 17,000 स्पर्शग्राहक असतात. आमच्या ग्रिपरला, म्हणजे रोबोटच्या पकडीला, दोन-चार सेन्सर असले तर आम्ही त्याला महागडा म्हणतो. 2019 साली ओपनएआयने पाच बोटांच्या यांत्रिक हाताकडून रुबिक क्यूब सोडवून घेतला. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्यांचेच आकडे बघा: क्यूब कमी विस्कटलेला असेल तर 60 टक्के वेळा जमलं, आणि सगळ्यात अवघड विस्कटलेला असेल तर 20 टक्के. तेही प्रयोगशाळेत, ना वारा, ना ऊन, ना मुंग्यांचं घरटं. तुमच्या बागेत शंभरातले ऐंशी आंबे खाली आपटणारा गडी तुम्ही दुसऱ्या दिवशी ठेवाल का?

आता आमची फजिती. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा एक मित्र, दोघांनी सुट्टीत ठरवलं की पूर्ण रोबोट नको, घळच हुशार करू. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, घळ म्हणजे लांब बांबू, टोकाला कडं, कड्याला जाळी आणि देठ कापायला पातं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याचाच सुधारलेला ‘नूतन झेला’ काढला. त्यात आंबा देठासकट निघतो. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, साल भाजते, काळा डाग पडतो आणि पेटीचा भाव खाली येतो. म्हणून बोटभर देठ राहायलाच हवा. चांगला गडी हे कसं करतो? पातं देठाला लागलं की बांबूतून त्याच्या तळहाताला कळतं. डोळ्यांना दिसत नसलं तरी कळतं.

आम्ही बांबूऐवजी ॲल्युमिनियमची काठी घेतली. टोकाला छोटा कॅमेरा, मोटर, छाटणीच्या कात्रीचं पातं, कमरेला बॅटरी आणि रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर. घरात पंख्याच्या हुकाला दोरीने आंबे टांगले. यंत्राने ते झकास ओळखले, झकास कापले. आईने दोन दिवस कौतुक केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, आता पंखा लावू दे.

मग बागेत गेलो. टोकाला सगळं मिळून 600 ग्रॅम वजन झालं होतं. ऐकायला काहीच नाही. पण 5 मीटरची काठी आडवी धरली की हे 600 ग्रॅम तुमच्या हाताला अर्ध्या मीटरवर धरलेल्या 6 किलोइतके जाणवतात. काठीचं स्वतःचं वजन वेगळंच. दहा मिनिटांत खांदे भरून आले. त्याहून वाईट म्हणजे काठी लवायची. कॅमेऱ्याला आंबा डावीकडे दिसला की मोटर पातं डावीकडे न्यायची, त्या झटक्याने काठी डुलायची, मग आंबा उजवीकडे दिसायचा, की मोटर उजवीकडे. यंत्र आपल्याच दुरुस्तीच्या मागे धावत होतं. हे कंट्रोल इंजिनियरिंगच्या पुस्तकात दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात असतं आणि आम्ही दोघेही त्यात पास झालेलो आहोत.

त्यात हिरवा आंबा, हिरवी पानं, मागे पांढरं फटफटीत आकाश. शेजारचे आबा, वय सत्तरीपुढे, मेरेवर बसून बघत होते. कॅमेरा एका कोवळ्या फांदीवर अडला तेव्हा म्हणाले, “अरे झिला, तां पान हा, आंबो नाय.” पाच मीटर खालून, चष्म्याशिवाय.

आणि तयार आंबा कोणता? आपल्याकडे आंबा सोळा आण्यांपैकी चौदा आणे तयार झाला की काढतात. खांदे देठाच्या वर आलेत का, देठाजवळ खळगा पडलाय का, सालीचा हिरवा जरा निवळलाय का, हे सगळं एका नजरेत. आम्हाला कॉम्प्युटरला हे शिकवायचं तर आधी फोटोंवर कुणीतरी ‘बारा आणे’, ‘चौदा आणे’ अशा चिठ्ठ्या लावायला हव्यात. तीन जाणत्या माणसांना तेच फोटो दाखवले, तिघांचं आपसात जमेना. आबा तर चिडलेच. “फोटोत काय कळतला? झाडाखाली ये.” झाडाखाली मात्र तिघांनी बोट दाखवलं ते त्याच आंब्याकडे. खाली आणल्यावर पाण्यात टाकून बघता येतं, तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. पण ते देठ तोडल्यावर. आतला साका, म्हणजे गराचा पांढरट बिघडलेला भाग, तर कापल्याशिवाय आपल्यालाही दिसत नाही. एक्स-रे आणि अवरक्त प्रकाशाने तो बाहेरून ओळखण्यावर संशोधन झालंय, आणि माझ्या मते यंत्राने माणसाच्या पुढे जायची खरी जागा तिथे आहे, झाडावर नाही.

सध्या रोबोटिक्समध्ये सगळ्यात जोरात चाललंय ते याच शिकवण्याचं काम. भाषेची मॉडेलं इंटरनेटवरचा मजकूर वाचून तयार झाली. पण देठाला किती जोर लावला आणि हाताला काय जाणवलं, याची नोंद कुठल्या वेबसाईटवर सापडणार? ती रोबोट प्रत्यक्ष चालवूनच गोळा करावी लागते. गूगलने 2016 मध्ये 14 यांत्रिक हात रांगेने बसवून वस्तू उचलण्याचे आठ लाख प्रयत्न करवून घेतले. 2023 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी एकत्र येऊन 22 प्रकारच्या रोबोटांच्या दहा लाखांहून जास्त हालचालींचा साठा सगळ्यांसाठी खुला केला. हे मला नाचापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. पण त्यातलं बरंचसं टेबलावरचे ठोकळे, कप आणि खणाचे दरवाजे. कलमाची फांदी त्यात नाही.

सफरचंदवाल्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी झाडंच बदलली. तारांवर फांद्या बांधून बाग भिंतीसारखी सपाट वाढवतात, म्हणजे फळ समोर आणि एका पातळीत येतं. आमच्या जिग-फिक्स्चरचाच प्रकार, फक्त जिवंत. एवढं करूनही व्हॅक्यूमने सफरचंद ओढून घेणारा रोबोट बनवणारी ॲबंडंट रोबोटिक्स ही अमेरिकी कंपनी 2021 मध्ये बंद पडली. नारळाचं झाड तर देवाने दिलेला सरळ खांब. अमृता विद्यापीठाच्या केरळातल्या संशोधकांनी त्यावर चढून नारळ तोडणारा ‘अमरन’ बनवला. खोडाभोवती कडं, कड्याला चाकं, वर करवतीचा हात. चढतो, तोडतो, पण प्रत्येक झाडाला जोडून परत सोडवावा लागतो आणि चढणाऱ्या माणसापेक्षा जवळपास दुप्पट वेळ घेतो. तरीही तो मला उपयोगाचा वाटतो, कारण नारळावरून पडून माणूस जायबंदी होतो, रोबोट नाही. त्याच केरळातला ‘बँडिकूट’ 2018 पासून मॅनहोलमध्ये माणसाऐवजी उतरतो. अशा कामाला सावकाश चाललं तरी चालतं.

तुम्हाला वाटेल कोकणाला कोण विचारतो, जपानात तरी जमलं असेल. फुकुशिमाच्या तीन अणुभट्ट्या 2011 मध्ये वितळल्या. आत सुमारे 880 टन वितळलेला कचरा आहे. रोबोट पाठवले, काही आत अडकून तिथेच राहिले. मोठा यांत्रिक हात बनवायला घेतला, तो लांबत गेला. शेवटी नोव्हेंबर 2024 मध्ये पहिला तुकडा बाहेर आला, एक ग्रॅमही नाही. आणि तो कशाने काढला? एकात एक सरकणाऱ्या लांब काठीने, टोकाला चिमटा. बातम्यांत तिला मासे पकडायच्या गळाची उपमा दिली होती. मी तो फोटो आबांना दाखवला. “घळच मां ही,” म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

राहिला पैशाचा हिशोब, तो पटकन सांगतो. आपला हंगाम मार्च ते मे. उरलेले नऊ महिने यंत्र पडून राहणार, त्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारी हवा. माझ्या घरच्या पंपाचे नटबोल्ट दोन वर्षांत गंजतात, यंत्राच्या नाजूक कनेक्टरची काय कथा. कातळावर, गड्ग्यांच्या आडून, जांभ्याच्या पायऱ्या चढून ते न्यायचं कसं हा आणखी वेगळा प्रश्न.

म्हणून माझं मत: पैसे घालायचेच तर झाडांची उंची कमी करण्यात घाला. जुनी उंच कलमं टप्प्याटप्प्याने छाटून घ्या, सगळी एकदम नको, नाहीतर दोन-तीन वर्षं उत्पन्नच हातात येणार नाही. छाटलेल्या भागाला खोडकिडा लागतो, तेव्हा विद्यापीठाच्या माणसांना विचारून, त्यांच्या वेळापत्रकाने करा. बुटक्या झाडावर घरची माणसं जमिनीवर उभी राहून आंबा काढू शकतात, आणि पुढेमागे यंत्र आलंच तर त्यालाही असलंच झाड लागणार. आंबे निवडायला, वजनावर वेगळे करायला यंत्रं आजच मिळतात. चारपाच बागायतदार मिळून घेत असाल तर तिथे पैसा वसूल होईल.

आमच्या हुशार घळीचं शेवटी काय झालं ते विचाराल. मोटर काढून टाकली, फक्त कॅमेरा ठेवला, म्हणजे वरचं फळ खाली मोबाईलवर दिसेल. आबांनी एक सकाळ वापरली. मान खाली मोबाईलमध्ये, घळ वर, आणि शेजारच्या देठाचा आंबा सुटून थेट टाळक्यात. टाळू चोळत म्हणाले, “तुझां यंत्र आंबो बघता, मी यंत्राक बघतंय. माका कोण बघतलो?”

कॅमेरा आता गोठ्यात लावलाय, बिबट्या येतो म्हणून.