पूल न फोडता आतला गंज कसा कळतो?

प्रश्न : पुलाचं काँक्रीट वरून धडधाकट दिसतं. आतल्या सळ्या गंजल्यात का, हे न फोडता कसं ओळखता?

उत्तर : मी आधी हातोडी घेतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आत थर सुटलाय. पण तोवर उशीर झालेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

त्याआधीची चाहूल व्होल्टमीटर देतो. एक टोक सळीला, दुसऱ्या टोकाला तांबं-मोरचूदाचा इलेक्ट्रोड. तो ओल्या काँक्रीटवर टेकवत पुढे सरकायचं. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. वेग मात्र यातून कळत नाही. (सळीला तार जोडायला बहुधा छोटं भोक पाडावंच लागतं. ‘ओरखडाही न काढता’ ही जाहिरातीची भाषा.)

खरी डोकेदुखी काही पुलांत काँक्रीट आवळून धरायला नळ्यांमधून घातलेल्या ताणलेल्या तारांची. वेल्समधला अनिस-अ-ग्वास पूल १९८५ मध्ये अशा तारा गंजूनच अचानक कोसळला. धातूच्या नळीवरून रडारच्या लहरी परततात, म्हणून आतलं दिसत नाही. अल्ट्रासाउंडने नळीतली पोकळी सापडू शकते. तारेवरचा गंज नाही. संशय बळावला की मी सरळ नळी उघडायला सांगतो.