एकदा तारण (ख्रिस्ती श्रद्धेनुसार पापातून सुटका) मिळालं की ते कायमचं असतं का? विश्वासात शेवटपर्यंत टिकण्याची शिकवण कुठून आली?

तुमचा प्रश्न असा की शेवटपर्यंत टिकणं ही माणसाची चिकाटी की देवाचं दान, आणि चर्चागणिक उत्तर वेगळं का मिळतं. ‘जो शेवटपर्यंत टिकेल तो तारला जाईल’ (मत्तय २४:१३) हे सगळ्यांनाच मान्य आहे. वाद आहे तो टिकवतो कोण, यावर.

प्रश्न मुळात पुस्तकी नव्हताच. इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसच्या हुकमाने प्रत्येकाला रोमन देवतांना बळी देऊन तसा दाखला घ्यावा लागला. इजिप्तमध्ये पपायरसवरचे असे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत. पुष्कळ ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी न देता पैसे चारून दाखला मिळवला. पुढे तेच चर्चकडे परतले. रोममध्ये नोवेशियन या पाळकाने त्यांना घ्यायला साफ नकार दिला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि तिथली २५१ची सभा यांनी तारतम्य ठेवलं: विकतचा दाखला घेणाऱ्याला प्रायश्चित्तानंतर प्रवेश, बळी देणाऱ्याने प्रायश्चित्त चालू ठेवलं तर त्याला मरणाच्या वेळी.

उत्तर आफ्रिकेतलाच बिशप आणि धर्मचिंतक ऑगस्टीनने इ.स. ४२८-२९च्या सुमारास सिप्रियनचंच प्रभूच्या प्रार्थनेवरचं विवेचन हाताशी धरलं. टिकण्याची शक्ती आपलीच असेल तर रोज देवाकडे मागतो काय? म्हणून ते दान. पण हे दान आपल्याला मिळालंय की नाही, हे जिवंतपणी कुणालाच खात्रीने कळत नाही, असंही त्याने बजावलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५४७ मध्ये हेच धरून ठेवलं: खास प्रकटीकरणाशिवाय अशी पक्की खात्री नाही. वसई-गोव्याच्या कॅथलिकांची शिकवण हीच.

नेदरलँड्समधली कॅल्विनवादी प्रोटेस्टंटांची डॉर्टची सभा (१६१८-१९) पुढे गेली: खरोखर नव्याने जन्मलेल्याला देव अखेरपर्यंत राखतोच, आणि त्याला तशी खात्रीही वाटू शकते. लोकांचा घोळ होतो तो इथे. ‘एकदा हात वर करून विश्वास कबूल केला, आता काहीही करा’ असं डॉर्ट म्हणत नाही. दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन ते सांगतं की विश्वासी गंभीर पापात पडू शकतो, कृपेची जाणीव काही काळ हरवू शकतो. देव राखतो तोही वचन, ताकीद आणि संस्कार यांच्याच द्वारे; ती साधनं सोडून निश्चिंत राहायला तिथे वाव नाही.

मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने १७५१ मध्ये याविरुद्ध लिहिलं, म्हणून मेथडिस्ट परंपरेत खरा विश्वासीही कायमचा गळू शकतो. कृपा अनुभवून गळालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं सांगणारं इब्री ६:४-६ तिथे सरळ अर्थाने वाचतात. डॉर्टवाले म्हणतात, ते लोक खरे विश्वासी नव्हतेच. माझ्या मते या उताऱ्यापुरतं वेस्लीचं वाचन कमी ओढाताणीचं आहे. योहान १०:२८ वर (‘माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावून घेणार नाही’) मात्र डॉर्टचं.