मुंबई बंदरातून क्रूझवर चढताना नेमकं काय काय होतं? आई-बाबा पहिल्यांदाच जाणार आहेत

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राहणं विदर्भातल्या कारंज्याजवळच्या खेड्यात, साठी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन तुम्ही दोघं मुंबईहून तीन रात्रींच्या गोवा क्रूझवर निघालात, बंदर घरात कोणीच पाहिलेलं नाही, आणि फाटकाशी पोहोचल्यावर पुढं काय होतं हे सांगणारं कोणी नाही. देशातल्या देशातली क्रूझ आहे, म्हणून पासपोर्ट-व्हिसाचं सोडून देतो.

बंदरावरच्या निम्म्या अडचणी घरूनच सोबत येतात, आणि त्यातली पहिली म्हणजे नाव. बुकिंगमध्ये ‘किसनराव’ आणि आधारवर ‘किसन’ एवढा फरक बहुतेक वेळा खपतो. पण आईचं बुकिंग सासरच्या नावानं आणि कार्ड अजून माहेरच्या नावाचं असेल, तर काउंटरवर खोळंबा ठरलेला. आजच सगळ्यांची कार्डं काढून तिकिटाशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि फरक असेल तर कंपनीला आत्ताच कळवा. नाव दुरुस्त करायची जागा कंपनीचं ऑफिस आहे, बंदर नाही. कार्ड मूळच लागतं, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो पुरत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स सोबत ठेवा. पॅनकार्डावर पत्ता नसतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

वेब चेक-इन निघायच्या काही दिवस आधी करावं लागतं. त्यात चढायची वेळ निवडता येते. दुपारी १२ ते १ चा स्लॉट मिळाला तर घ्या. बोर्डिंग पास आणि बॅगांचे टॅग त्यातच मिळतात, ते कारंज्यातच प्रिंट करून घ्या. मुंबईत सकाळी सात वाजता झेरॉक्सचं दुकान शोधत फिरायची वेळ येऊ नये.

गाडी मूर्तिजापूरहून घ्या. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती-मुंबई एक्सप्रेस, दोन्ही रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला पोहोचतात. जहाज संध्याकाळी सुटणार असेल तर गाडी दोन-तीन तास लेट झाली तरी निभावतं. पावसाळ्यात किंवा कसारा घाटात काही अडकलं तर मात्र निभावत नाही, तेव्हा आदल्या दिवशी पोहोचलेलं बरं. जहाज कोणासाठी थांबत नाही. सुटायच्या साधारण तास-दीड तास आधी चढणं बंद होतं, कारण जहाजावर कोण कोण आहे ही यादी पक्की करून द्यावी लागते आणि बंदरातून बाहेर काढणारा पायलट ठरलेल्या वेळेला येतो. तिकिटावरची सुटायची वेळ विसरा, ‘चेक-इन बंद’ ही वेळ लक्षात ठेवा.

स्टेशनवर मधला वेळ काढायला क्लोकरूम आहे, पण सामानाला कुलूप हवं. पोतं किंवा दोरीनं बांधलेलं बोचकं ते घेत नाहीत. त्यामुळं कुलूप लागेल अशीच बॅग न्या.

टॅक्सीवाल्याला ‘क्रूझला जायचंय’ एवढंच सांगितलंत तर तो तुम्हाला गेटवे ऑफ इंडियाला किंवा भाऊच्या धक्क्यावर सोडू शकतो. गेटवेवरून एलिफंटाच्या बोटी सुटतात, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो. तुम्हाला सांगायचंय ‘बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल’, आणि बोर्डिंग पासवरचा पत्ताही दाखवायचा. लांब पल्ल्याच्या गाड्या स्टेशनच्या ज्या बाजूला लागतात त्याच बाजूला पी. डी’मेलो रोड आहे, तिथून बाहेर पडलात तर जेमतेम दीड किलोमीटरचं अंतर. या भागात ऑटोरिक्षा चालत नाही, काळी-पिवळी टॅक्सीच. भाडं मीटरनं द्या.

ग्रीन गेटवर सीआयएसएफचे जवान असतात. बंदर हा सुरक्षित भाग असल्यामुळं ज्याच्याकडं बोर्डिंग पास आहे तोच आत जातो. आपल्याकडं पोचवायला सगळं घर येतं. तुमचे ठाण्या-कल्याणचे पाहुणे भेटायला येणार असतील तर त्यांना स्टेशनवरच भेटा, फाटकाच्या पुढं कोणी येणार नाही. गोदीत फोटो काढू नका, मोबाईल खिशात ठेवा.

आत नवं टर्मिनल आहे, २०२५ साली उद्घाटन झालेलं. चेक-इन आणि इमिग्रेशन मिळून ७२ काउंटर आहेत, त्यामुळं हॉल पाहून दडपू नका. चालणं बरंच आहे. बाबांचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा, ऐनवेळी मिळेलच असं नाही.

आता सामान. टर्मिनलच्या दाराशीच मोठ्या बॅगा हमालाकडं द्यायच्या असतात आणि त्या तुमच्याआधी किंवा तुमच्यानंतर वेगळ्या वाटेनं जहाजावर जातात. खोलीबाहेर पोहोचायला दुपार टळते, कधी रात्रीचे आठ वाजतात. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, चार्जर, ओळखपत्रं, पैसे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवाच. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. टॅग कागदाचा असतो. तो बॅगेच्या मुठीभोवती गुंडाळून स्टेपल करा, वरून पारदर्शक चिकटपट्टी मारा, जुने टॅग फाडून टाका. शिवाय नाव, मोबाईल नंबर आणि खोली क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बॅगेच्या आतही टाका. टॅग तुटला की बॅग कोणाची ते आतल्या चिठ्ठीवरूनच कळतं.

सगळ्यांच्या बॅगा पोहोचल्या आणि तुमची एकच आली नाही, तर ती बहुतेक वेळा हरवलेली नसते. एक्स-रेमध्ये काहीतरी दिसलं म्हणून सिक्युरिटीनं बाजूला काढून ठेवलेली असते. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, एक्स्टेन्शन बोर्ड, अगरबत्ती, मेणबत्ती, चाकू, दारूची बाटली, यातलं काही असलं की बॅग थांबते. यात आईचा अडकित्ताही आला. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नाही, म्हणून तापणाऱ्या वस्तूंवर एवढा कडक डोळा असतो. अशा वेळी खाली रिसेप्शनवर जायचं, ते सिक्युरिटीकडं पाठवतात, तुमच्यासमोर बॅग उघडून ती वस्तू ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. दारूचं मात्र कंपनीप्रमाणे बदलतं.

घरची सांभारवडी, ठेचा, धपाटे हे गाडीत संपवा. घरचं उघडं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत. आत शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळतं. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. पुडी खिशात घेऊन जाणारे बरेच असतात, पण जहाजावर थुंकायला जागाच नाही आणि डेकवर थुंकलात तर दंड बसू शकतो. बाबांना सवय असेल तर आधीच समजवा, ऐन फाटकाशी वाद नको.

काउंटरवर ओळखपत्र पाहतात, फोटो काढतात आणि एक कार्ड देतात. हेच खोलीची चावी, हेच ओळखपत्र, आणि वरचा खर्चही यावरच चढतो. प्रत्येकाचं वेगळं असतं, गळ्यात अडकवा. खर्चासाठी क्रेडिट कार्ड जोडतात किंवा रोख डिपॉझिट घेतात. किनारा सुटला की यूपीआयच्या भरवशावर राहू नका, नेटवर्क थोड्याच वेळात जातं. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल डोळे पांढरे करतं.

मग येतो जहाजावर चढायचा पूल, गँगवे. मुंबईत भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटरपर्यंत वरखाली होतं, त्यासोबत जहाजही. म्हणून चढ कधी सौम्य, कधी चांगला उभा असतो. आडव्या पट्ट्या पायाला लागतात, चपलेचा अंगठा तिथंच अडकतो. मागं पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला, एक हात कठड्यावर, आणि दुसऱ्या हातात पिशवी नको. साडी घातली असेल तर निऱ्या थोड्या वर घ्या.

वर गेल्यावर खोली लगेच मिळेलच असं नाही, आधी बुफे उघडा असतो, जेवून घ्या. खोलीचा पहिला आकडा बहुतेक वेळा मजल्याचा असतो, ६१२३ म्हणजे सहावा डेक. बाथरूमच्या दाराला पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंच उंबरा असतो, म्हातारी माणसं तिथं ठेचकाळतात. आई-बाबांना एकदा हात धरून आत-बाहेर करून दाखवा. फ्लश हवेच्या दाबानं ओढतो आणि मोठा आवाज करतो, घाबरू नका. कमोडमध्ये कागदाशिवाय काही टाकलं तर आजूबाजूच्या खोल्यांचीही लाइन तुंबते. जेट स्प्रे नसला तर अडायला नको म्हणून एक प्लास्टिकचा मग बॅगेत असू द्या.

जहाज सुटण्याच्या आधी किंवा लगेच नंतर सुरक्षेची कवायत होते आणि ती सगळ्यांना सक्तीची असते. २०१२ मध्ये इटलीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडालं तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हायची होती, त्यानंतर २०१५ पासून हा नियम कडक झाला. भोंगा सात वेळा छोटा आणि एकदा लांब वाजला की कार्डावर लिहिलेल्या जागी जायचं, लिफ्टनं नाही, जिन्यानं. हजेरी कार्ड स्कॅन करून घेतात. बाबा खोलीत झोपून राहिले तर नाव पुकारून बोलावतील. लाइफ जॅकेट खोलीतल्या कपाटात असतं, ते कसं बांधायचं हे त्याच वेळी पाहून घ्या.

जहाजावर मळमळू नये म्हणून गोळी लागत असेल तर एसटीच्या प्रवासात घेता तीच चालते, पण ती सुटायच्या तासभर आधी घ्यायची, ओकारी सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. बाबांना प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.