‘विजेता’ पाहून फायटर पायलट व्हायचंय

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. सुट्टीत मामाकडे त्याने ‘विजेता’ हा जुना हिंदी सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून फायटर पायलटच व्हायचं म्हणून हटून बसलाय. इंजिनिअरिंगचा क्लास बंद करतो म्हणतो. वडिलांशी त्याचं मुळीच पटत नाही. घरातून सुटका म्हणून तर हे खूळ नसेल? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, असेलही. पण तेवढ्यावरून ते मोडीत काढू नका. गोविंद निहलानींच्या त्या १९८२च्या सिनेमातला अंगदही आईवडिलांच्या ताणतणावात घुसमटलेला, काय करावं ते न कळणारा मुलगाच आहे. सोळाव्या वर्षी कुणाचा हेतू अगदी धुतल्या तांदळासारखा असतो? हेतू पुढे बदलतो. डोळ्यांचं तसं नाही, म्हणून आधी त्यांचं बघू.

त्याला लांबचा चष्मा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, वैमानिक व्हायचं तर लघुदृष्टी चालत नाही, रंगांधळेपणही नाही. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते आणि कॉकपिटमध्ये नीट बसता यावं म्हणून पायांची लांबीसुद्धा मोजतात. तेव्हा तयारी करून घेणाऱ्या कुठल्याही अकादमीत पैसे भरण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्या. लेसर करून नंबर घालवू, असं कुणी सुचवलं तर या वयात त्या भानगडीत पडू नका.

क्लास मात्र सोडू देऊ नका. यूपीएससी एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा घेते, बारावीत असतानाही तिला बसता येतं आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवंच. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात. म्हणजे वडील ज्या क्लासचा आग्रह धरतायत, तोच इथेही कामाला येतो. घरातला निम्मा वाद इथेच मिटायला हरकत नाही.

लेखीनंतर एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, काही दिवस चालणारी मुलाखत, तीही ९०० गुणांची. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांची त्याशिवाय सीपीएसएस नावाची संगणकीय चाचणी होते, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की पुढे पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतूनही वैमानिक होता येत नाही. हवाई दलाच्या इतर शाखा खुल्या राहतात. पासही झाला, खडकवासल्याची तीन वर्षंही काढली, तरी फायटर मिळेलच असं नाही. पुढे हवाई दलाच्या प्रशिक्षणात उड्डाणातली कामगिरी आणि दलाची गरज पाहून कुणाला लढाऊ विमानं, कुणाला मालवाहू, तर कुणाला हेलिकॉप्टर देतात. शिवाय सिनेमातलं मिग-२१ हे लढाऊ विमान सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्तही झालं! म्हणून त्याला सरळ विचारा, ‘उडवायला नाही मिळालं, तरी हवाई दलात जाशील का?’ लगेच ‘हो’ म्हणाला तर मला जरा शंका येईल. दोन दिवस विचार करून काहीही म्हणाला, तरी ते उत्तर खरं धरा.

आता वडिलांचं. एसएसबीत मानसशास्त्रीय चाचण्यांचा एक दिवस असतो. पंधरा-पंधरा सेकंदांत एकेका शब्दावर वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. चित्रांवरून गोष्टी, त्यात एक कागद चक्क कोरा. शेवटी स्वतःचं वर्णन पंधरा मिनिटांत : आईवडिलांना, शिक्षकांना, मित्रांना मी कसा वाटतो आणि मला स्वतःला कसा वाटतो. माझ्याकडे येणारी हुशार मुलं गणितात अडत नाहीत, या पहिल्या ओळीशी अडतात. ‘वडिलांना माझा अभिमान वाटतो’ असं पाठ केलेलं वाक्य ठोकून देतात आणि मुलाखतीत त्यावरच दुसरा प्रश्न आला की गडबडतात. तिथे घरात सगळं गोडगोड असण्याची अट नाही. पटत नसेल तर का पटत नाही आणि त्यात आपला वाटा किती, हे मुलाला शांतपणे सांगता आलं पाहिजे.

तेव्हा एखाद्या रविवारी घड्याळ लावून त्याला हे वर्णन लिहू द्या. ‘वडिलांना मी कसा वाटतो’ हा भाग लिहिण्याआधी त्याने वडिलांना प्रत्यक्ष विचारावं, अंदाजाने लिहू नये. तुम्ही मध्ये पडू नका. ते रागाने काही बोलले तर तेही त्याने लिहावं. कागद त्याच्याजवळच राहू दे. दाखवला तरच वाचा.