ललिता पवार जन्मभर खाष्ट सासूच होत्या का, आणि त्यांच्या डोळ्याला नेमके काय झाले होते?

आपण एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत. अभिनेत्री ललिता पवार यांच्या डाव्या डोळ्याला काय झाले होते, हा पहिला. आणि त्या डोळ्यामुळेच त्यांना जन्मभर दुष्ट सासूच्या भूमिका कराव्या लागल्या का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र लोक पहिल्याच्या शेपटीला बांधून मोकळे होतात आणि ते मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. चित्रपटांचा अभ्यासक नव्हे, पण देवळाच्या उत्सवात वर्षाला एक मराठी नाटक उभे करणाऱ्या मंडळींत माझी तीस-पस्तीस वर्षे गेली आहेत आणि ललिताबाईंचे काम मी त्याच नजरेने पाहत आलो आहे.

आधी डोळ्याविषयी. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगात भगवान यांनी (पुढे ‘अलबेला’मुळे घराघरांत पोहोचलेले मास्टर भगवान) त्यांना थप्पड मारायची होती. हात हवा त्यापेक्षा फार जोरात बसला. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि पुढे सुमारे तीन वर्षे उपचार चालले. चेहरा बराचसा सावरला, पण तो डोळा कायमचा बारीक राहिला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, तो अपघात होता. ज्याने रंगमंचावर कधी खोटी थप्पड दिली किंवा खाल्ली आहे, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. मारणाऱ्याने हात आवरायचा आणि खाणाऱ्याने नेमक्या त्याच क्षणी मान वळवायची, एवढेच ते काम असते. पण मधला क्षण निसटला की खोटे खरे होऊन बसते. आमच्या तालमीत त्यासाठी टाळी वाजवायला तिसरा माणूस विंगेत उभा करतात, म्हणजे आवाजासाठी हात लावण्याचा मोह कोणाला होत नाही.

आता लोक सांगतात ती गोष्ट अशी, की नायिका होती, थप्पड बसली, डोळा गेला, नायिकापण संपले आणि उरलेल्या बारीक डोळ्याने सासू जन्माला आली. गोष्ट ऐकायला सुटसुटीत आहे. पण तिच्यात दोन्ही टोकांची बरीच माहिती गाळली जाते.

त्यांचा जन्म 18 एप्रिल 1916 चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा, पैठणीच्या गावचा. माहेरचे नाव अंबा. मूकपटांच्या काळातच, लहान वयात, त्या कॅमेऱ्यासमोर आल्या आणि सुरुवातीच्या चित्रपटांत अंबू या नावाने वावरल्या. 1932 च्या ‘कैलास’ या मूकपटात त्यांनी काम केले आणि त्याच्या निर्मितीतही भाग घेतला, म्हणजे वय वर्षे सोळा. बोलपट आल्यावर त्या स्वतः गात असत. 1938 मध्ये ‘दुनिया क्या है’ या चित्रपटाची निर्मिती त्यांनी केली. ‘नेताजी पालकर’ 1939 चा, ‘अमृत’ 1941 चा. थप्पड बसली तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या गाठीशी डझनावारी चित्रपटांचा अनुभव जमा झाला होता. डोळ्याने हा अनुभव काढून घेतला नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरे असे, की अपघातानंतर अवघ्या दोन वर्षांनी, 1944 साली, त्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई म्हणून आल्या. ‘ध चा मा’ करणारी म्हणून मराठी घराघरांत बदनाम झालेली ती आनंदीबाई. ही सासू नव्हे आणि सून छळणारीही नव्हे. राजकारणातली महत्त्वाकांक्षी बाई आहे. म्हणजे पुनरागमनाची पहिली मोठी खूण खलनायकी होती खरी, पण तिच्यात बुद्धी होती आणि सत्तेची भूक होती. नंतरच्या ढीगभर सासवांमध्ये निर्मात्यांनी त्यांना क्वचितच एवढा मोठा पट दिला.

सासवा इतक्या का वाट्याला आल्या, याचे कारण डोळ्यापेक्षा वयाच्या हिशेबात जास्त सापडते, असे मला वाटते. दिलीपकुमार यांचा जन्म 1922 चा. 1952 च्या ‘दाग’मध्ये ललिताबाई त्यांची आई झाल्या, म्हणजे मुलापेक्षा सहा वर्षांनी मोठी आई. देव आनंद 1923 चे. 1961 च्या ‘हम दोनो’मध्ये पुन्हा आई, सात वर्षांनी मोठी. 1950 मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मधली हुंड्यासाठी सुनेचा जीव नकोसा करणारी सासू त्यांनी केली तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. चौतीस! त्याच वयाचे नायक त्या काळी कॉलेजच्या फाटकाशी गाणी म्हणत होते. तिशी ओलांडलेल्या नटीला नायकाची आई, नायिकेची आत्या किंवा घरातली विधवा यांपैकी एक पाट मांडून द्यायचा, ही हिंदी चित्रपटाची रीत होती आणि ती दोन्ही डोळे धडधाकट असलेल्या नट्यांनाही लागू होती. एकत्र कुटुंबाची गोष्ट सांगायची तर सासू लागते आणि सासू दुष्ट असल्याशिवाय मध्यंतर होत नाही. ललिताबाईंना ते काम इतरांपेक्षा चांगले येत होते, म्हणून ते त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येत राहिले.

‘चांगले येत होते’ म्हणजे काय, ते पाहण्यासाठी एका वर्षातले दोन चित्रपट शेजारी ठेवावेत. 1955 चे घ्या. गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस 55’मध्ये त्या सीतादेवी आहेत: श्रीमंत, सुशिक्षित, पुरुषद्वेष्टी, सभा गाजवणारी आत्या, जिची भाचीवरची हुकमत दारातून आत येताना तिच्या मानेतच दिसते. आणि त्याच वर्षीच्या ‘श्री 420’मध्ये त्या फुटपाथवर टोपली मांडून बसलेल्या केळेवाल्या गंगामाई आहेत. राज कपूर तिच्याशी केळ्यांच्या भावावरून उलटी घासाघीस करतो, म्हणजे ती सांगते त्याहून महाग भावाने मागतो, आणि ती त्यालाच दटावते. हा प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा राज कपूरकडे पाहू नका, तिच्या हातांकडे पाहा. बाजारात बसणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलताना मालावरचा हात काढत नाही, कारण बोलण्यात गुंतवून केळे उचलणारे फार असतात. आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही बायका तशाच बसतात. हे निरीक्षण नजरेतून आलेले असते, अधू डोळ्याचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही.

1959 ची जोडी तर याहून बोलकी आहे. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्या सोवळे-ओवळे सांभाळणारी, अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलीला घराबाहेर काढू पाहणारी म्हातारी गिरिबाला आहेत. आणि हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’त त्या मिसेस डिसा आहेत: भाड्यासाठी तोंड सोडणारी आणि मग त्याच भाडेकरूला मुलासारखे जेवायला वाढणारी ख्रिस्ती घरमालकीण. पहिलीच्या चेहऱ्यावर बारीक डोळा संशयाने बारीक झालेला वाटतो. दुसरीच्या चेहऱ्यावर तोच डोळा हसू दाबल्यासारखा दिसतो. डोळा एकच आहे, फरक केला आहे तो हनुवटीने, श्वासाने आणि वाक्य कुठे तोडायचे या जाणिवेने. ‘अनाडी’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि 1961 मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला.

यावरून आमच्या गावची एक गोष्ट सांगतो. उत्सवाच्या नाटकात एके वर्षी खाष्ट सासू होती आणि ती भूमिका, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे, एका पुरुषाकडे होती. दिवसा तो गडी माडावर चढून नारळ पाडण्याचे काम करी आणि नक्कल उत्तम करी. पहिल्याच तालमीत त्याने डावा डोळा मिटून, तोंड वाकडे करून संवाद म्हटले आणि मंडपात बसलेली पोरे खो खो हसली. तालीम घेणारे मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याला दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून तेच वाक्य सुनेकडे न बघता, तांदूळ निवडता निवडता म्हणायला लावले. तीन तालमी गेल्या, वाक्य काही केल्या बसेना. चौथ्या तालमीला त्याने सुपातला खडा बाजूला टाकताना वाक्याचा शेवटचा शब्द टाकला आणि मंडप एकदम गप्प झाला. मास्तर एवढेच म्हणाले, “आता ललिताबाई दिसल्या.” नक्कल करणाऱ्यांना डोळा दिसतो, कारण तो मिटणे सोपे आहे. सूप आणि खडा सोपे नाहीत.

विनोदातही त्या कमी नव्हत्या, हे सासूच्या गोतावळ्यात विसरले जाते. 1961 च्या ‘जंगली’त त्या हसण्यावर बंदी घालणाऱ्या घराच्या कर्त्या आहेत, म्हणजे विनोदाला आपटायला भिंत लागते ती भिंत. पण 1962 च्या ‘प्रोफेसर’मध्ये शम्मी कपूर म्हाताऱ्या शिक्षकाचे सोंग घेऊन घरात येतो आणि ही करारी, शिस्तीची बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. उतारवयात नटून आरशासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला हास्यास्पद करणे कोणालाही जमते. ललिताबाई हसवतात आणि त्याच वेळी आपल्याला तिची थोडी लाजही वाटू देत नाहीत. माझ्या मते त्यांचे हे सर्वांत अवघड काम आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

पुढची वर्षे भराभर सांगतो, कारण भूमिका संख्येने फार आणि लेखनात बहुधा सारख्याच आहेत. 1971 च्या ‘आनंद’मध्ये हृषीकेश मुखर्जींनी त्यांना पुन्हा डिसा हेच आडनाव दिले, या वेळी रुग्णालयातल्या कडक मेट्रनचे. 1972 च्या ‘बॉम्बे टू गोवा’तही त्या आहेत; नावात गोवा असले तरी तो चित्रपट जवळजवळ सगळा बसमध्येच घडतो, ही आम्हा गोंयकारांची जुनी तक्रार. हिंदी, मराठी, गुजराती मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. 1987 मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या आणि ज्या पिढीने त्यांचा एकही चित्रपट पाहिला नव्हता, तिलाही त्या ठाऊक झाल्या. रविवारी सकाळी आमच्या वाड्यावरच्या एकुलत्या एक टीव्हीसमोर हात जोडून बसलेली माझी आजी मंथरा पडद्यावर आली की जोडलेले हात सोडून बोटे मोडीत असे. 24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात औंधच्या घरी त्यांचे निधन झाले. त्या वेळी घरात त्या एकट्याच होत्या आणि बातमी बाहेर कळायलाही वेळ लागला.

मी मिसेस डिसांकडे पुन्हा येतो, कारण त्या बाबतीत गोव्याच्या माणसाला थोडे अधिक बोलण्याचा हक्क आहे. शिकायला पणजीत असताना मी एका ख्रिस्ती विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. आम्ही त्यांना आंटी म्हणत असू. रात्री नऊला दाराची कडी लागे, भाडे पाच तारखेनंतर गेले की आवाज कोपऱ्यावरच्या तिंठ्यापर्यंत (तिठ्यापर्यंत) ऐकू येई, आणि एकदा मला ताप आला तेव्हा त्याच आवाजात “पेज जेव रे पुता” म्हणत त्या मिस्कुटाची (कैरीच्या लोणच्याची) फोड घातलेली पेज घेऊन तीन दिवस उशाशी येत होत्या. एका संध्याकाळी दूरदर्शनवर ‘अनाडी’ लागला. हिंदी चित्रपट ख्रिस्ती पात्रांच्या तोंडी जी मोडकी हिंदी घालतो ती ऐकून आंटी पहिला अर्धा तास नाक मुरडत होत्या. आमी अशें उलयनांत, म्हणजे आम्ही असे बोलत नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितले. मग सदोष औषधाने मिसेस डिसा मरतात तो भाग आला आणि आंटी काही न बोलता उठून आत गेल्या, त्या चित्रपट संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

जेवताना त्यांनी विचारले, ही बाई खंयची? मी म्हटले, येवल्याची, मराठी हिंदू बाई आहे, नाव ललिता पवार. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी भाडे चुकवण्यासाठी थाप मारतो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घेताना त्या शेजारणीला सांगत होत्या, की सिनेमातली ती डिसा साळशेतीची, म्हणजे मडगावकडच्या तालुक्यातली असून आपण तिला मडगावच्या बाजारात स्वतः पाहिले आहे.