गळक्या पाइपला कोणता क्लॅम्प?

प्रश्न : कारखान्यातील ४ इंची पोलादी पाण्याच्या पाइपला गंजून बारीक भोक पडले आहे. गळती थांबवायला पाइपभोवती आवळायचा, आतून रबरी अस्तर असलेला क्लॅम्प कसा निवडावा?

उत्तर : दुकानात नुसते ‘४ इंची’ म्हणून क्लॅम्प मागू नका, कारण या पोलादी पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी असतो, तर १०० मिमी डक्टाइल आयर्न (बिडाचा एक प्रकार) पाइपचा ११८ मिमी. म्हणून पाइपभोवती टेप गुंडाळून येणाऱ्या परिघाला ३.१४ने भागावे. अस्तर म्हणून पाण्याला ईपीडीएम हे कृत्रिम रबर चालते, तेलाच्या लाइनवर मात्र ते फुगते. तेथे नायट्राइल रबर वापरतात. लाइनमधील दाब उतरवूनच, गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढावेत. जोर लावला की भोक मोठे होते, हे उत्साही फिटर हमखास विसरतात. क्लॅम्पचा सांधा भोकावर येऊ न देता नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. आजूबाजूचा पत्राही पातळ झाला असेल, तर तेवढा तुकडा बदलावाच लागेल.